मोटारसायकलचे हँडल आणि माणसाचा हात

नांगराचे रुमणे तुमच्यापैकी पुष्कळांनी हातात धरले असेल. लाकडी नांगर गावच्या गावात घडत असे, त्या काळी चांगला सुतार रुमणे बसवण्याआधी नांगर धरणारा गडी कोण आहे, हे एकदा डोळ्यांखालून घाली. उंच माणसाला आखूड रुमणे दिले, की दिवसभर वाकून वाकून त्याची कंबर धरलीच म्हणून समजा. आणि ठेंगण्याला उंच रुमणे दिले, तर फाळावर हवा तसा दाब येत नसे. कुऱ्हाडीचा दांडा, खुरप्याची मूठ, जात्याचा खुंटा, या साऱ्यांचे असेच. अवजार लोखंडाचे असो की लाकडाचे, त्याला माणूस जोडला जातो तो मुठीपाशी. ती मूठ ज्याच्या त्याच्या मापाची असायची.

आता मला सांगा, तुमच्या दारात जी मोटारसायकल उभी आहे, तिच्या हँडलसाठी तुमचे माप कुणी घेतले होते?

इतिहास शिकवणाऱ्या माणसाने मेकॅनिकच्या प्रांतात का शिरावे, असे कुणी म्हणेल. पण राजेमहाराजे आणि तह-लढाया एवढाच काही इतिहास नव्हे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर मोटारसायकल चालवून शाळेत जाणारे आमचे शिक्षक मित्र उतरल्यावर आधी हात झटकतात, मग खडू उचलतात. करंगळीला मुंग्या आलेल्या असतात. या मुंग्यांनाही इतिहास आहे, आणि तो दोनशे वर्षांहून जुना आहे.

जर्मनीत मानहाइम नावाचे शहर आहे. तिथे १८१७ सालच्या जून महिन्यात कार्ल फॉन ड्राइस नावाचा एक गृहस्थ दोन चाकांच्या लाकडी गाडीवर बसून गावाबाहेर फेरी मारून आला. गाडीला पायडल नव्हते. बसायचे आणि पायांनी जमीन मागे ढकलीत पळायचे. लहान मुलांना आजकाल अशी बिनपायडलची सायकल देतात ना, तीच कल्पना. पण या गाडीतली एक गोष्ट फार लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढचे चाक वळवायला एक वेगळा दांडा होता, आणि त्याच्या अलीकडे गादी लावलेली एक आडवी फळी होती. स्वाराने आपले दोन्ही कोपरापुढचे हात तिच्यावर टेकवायचे आणि तोल सांभाळायचा. म्हणजे पाहा, दुचाकीच्या जन्माच्या वेळी वळवायची सोय वेगळी होती आणि हातांच्या विसाव्याची सोय वेगळी होती. पुढे या दोन्ही गोष्टी एकाच दांड्यावर आल्या. तो दांडा म्हणजे हँडल. हातांना विसावा द्यायचा की गाडी ताब्यात ठेवायची, हा तंटा तेव्हापासून चालू आहे.

१८७०च्या सुमारास पुढचे चाक प्रचंड मोठे आणि मागचे अगदी चिमुकले अशा सायकली विलायतेत निघाल्या. चित्रांतून तुम्ही त्या पाहिल्या असतील. स्वार पुरुषभर उंचीवर बसे आणि हँडल त्याच्या मांड्यांवरून आडवे जाई. चाकापुढे दगड आला, की गाडी अडे आणि स्वार डोक्यावर आपटे. खरी आफत अशी, की पाय हँडलखाली अडकलेले असल्यामुळे उडी मारून निसटताही येत नसे. यावर एका इंग्रजी पद्धतीच्या हँडलाने उत्तर शोधले. व्हॅटन हँडल असे त्याचे नाव. ते मांड्यांच्या पुढून न नेता मागून वळवून आणलेले असे. दिसायला विचित्र, पण गाडी उलटलीच तर पाय मोकळे राहत आणि स्वार पायांवर उतरण्याची आशा असे. हँडलाच्या आकारात जीव वाचवण्याची ताकद असू शकते, हे तेव्हाच्या लोकांनी असे अनुभवाने ओळखले होते.

१८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली ‘रोव्हर’ सायकल आणली. आजच्या सायकलीची ती आजी. त्याच वर्षी जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात इंजिन बसवून तिकडची पहिली मोटारसायकल चालवून दाखवली. तोल जाऊ नये म्हणून तिला बाजूंना दोन छोटी चाकेही होती. तिचे हँडल साहजिकच सायकलीवरून आलेले. १८९४ पासून म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांच्या गाड्या विक्रीसाठी तयार होऊ लागल्या, आणि मोटारसायकल ही प्रयोगाची वस्तू राहिली नाही.

त्या सुरुवातीच्या काळातल्या गाड्यांची छायाचित्रे पाहिली, म्हणजे हँडल चांगले लांब आणि स्वाराकडे मागे वळवलेले दिसते, बैलाच्या शिंगांसारखे. स्वार त्यात ताठ बसलेला असतो. याला कारण होते. मागच्या चाकाला तेव्हा शॉकॲब्सॉर्बर नसत. रस्ते खडीचे आणि चिखलाचे. सारा धक्का स्प्रिंगच्या खोगिरावर झेलायचा. अशा वेळी हातांवर भार पडला असता, तर तासाभरात मनगटे गेली असती. आणि रुंद हँडलाने चाक वळवायला जोर कमी लागतो. विहिरीच्या रहाटाचा दांडा लांब असला की पाणी हलके येते, तोच न्याय.

मग हे हँडल खाली कुणी ओढले? शर्यतीने.

इंग्लंडजवळ मॅन नावाचे बेट आहे. तिथे १९०७ सालापासून मोटारसायकलींच्या प्रसिद्ध शर्यती होऊ लागल्या. वेग वाढू लागला तसे स्वारांच्या लक्षात आले, की इंजिनाचा खरा शत्रू वारा आहे. वाऱ्याचा हिशेब मोठा गमतीचा असतो, बरं का. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी चाळीसला जो वारा नुसता अंगावरून जातो, तो ऐंशीला छातीवर हात ठेवून मागे रेटतो. तेव्हा स्वार वाकले, टाकीवर पोट टेकू लागले आणि त्यासाठी हँडल खाली आले.

या वाकण्याची हद्द पाहायची असेल, तर अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानात जावे लागेल. १३ सप्टेंबर १९४८ रोजी रोली फ्री नावाचा स्वार तिथे व्हिन्सेंट मोटारसायकल घेऊन उतरला. आधीच्या फेरीत ताशी दीडशे मैलांना थोडेसे कमी पडले. अंगावरचा कातड्याचा पोशाख वाऱ्याने फाटला होता, तो त्याने काढूनच टाकला. नुसती पोहण्याची चड्डी, डोक्याला टोपी आणि पायांत साधे बूट, अशा वेषात तो गाडीवर पालथा झोपला, पाय मागे सरळ सोडले आणि हात पुढे ताणून हँडल धरले. वेग नोंदला गेला ताशी १५० मैलांहून किंचित अधिक. म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर. त्याचे ते छायाचित्र जगभर गाजले.

पण त्या छायाचित्रापेक्षा मला त्या गाडीतली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. व्हिन्सेंट कंपनीच्या या गाड्यांवर पाय ठेवायच्या खुंट्या, ब्रेकचे पायडल आणि गिअरचा दांडा हे स्वाराच्या पायाच्या मापाप्रमाणे मागेपुढे करता येत. एवढी वेगवान गाडी बनवणाऱ्यांनी स्वार लहानमोठा असतो हे ध्यानात ठेवले होते. विक्रम लोकांच्या लक्षात राहिला, ही सोय राहिली नाही.

सन १९५०नंतर विलायतेतल्या तरुण कामगारांच्या हाती थोडा पैसा खेळू लागला. लंडनच्या वळसा-रस्त्यावर ‘एस कॅफे’ नावाचे चहापाण्याचे ठिकाण होते. तिथे ही पोरे रात्री जमत, आणि ताशी शंभर मैल गाठणे हीच त्यांची मर्दुमकी. साधी गाडी घ्यायची, तिचे उंच हँडल काढून फेकायचे आणि पुढच्या चिमट्याच्या दोन्ही नळ्यांवर दोन आखूड दांडे कसून बसवायचे. या दांड्यांना ‘क्लिप-ऑन’ म्हणतात. पायाच्या खुंट्याही मागे सरकवायच्या. झाली ‘कॅफे रेसर’! मागणी एवढी, की रॉयल एनफिल्ड कंपनीने १९६४ मध्ये ‘कॉन्टिनेंटल जीटी’ नावाची २५० सीसीची गाडी कारखान्यातूनच तशी घडवून बाहेर काढली. २०१३ मध्ये चेन्नईच्या कारखान्याने त्याच नावाची नवी गाडी आणली, तीही खाली वाकायला लावणारीच.

इथे एक बारकावा सांगतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. शर्यतीतला स्वार पुढे वाकला तरी त्याचे हात का भरून येत नाहीत? कारण ताशी शंभर-सव्वाशेच्या वेगात समोरचा वारा त्याची छाती उचलून धरतो. वारा हाच त्याचा तक्क्या. तीच गाडी बाजारपेठेतून ताशी पंचवीस-तीसने न्या. वाऱ्याचा तक्क्या नाहीसा होतो आणि धडाचा सारा भार दोन तळहातांवर उतरतो. म्हणजे हँडलाची अमुक उंची चांगली आणि तमुक वाईट, असे नाही. प्रत्येक उंचीला तिचा एक वेग ठरलेला आहे. एस कॅफेच्या पोरांनी शर्यतीचे हँडल घेतले, आणि शंभर मैलांच्या त्या चार-दोन मिनिटांसाठी ते बरोबरही होते. घरी परततानाच्या रहदारीत मनगटांनी काय म्हटले असेल, ते त्यांनाच ठाऊक.

अमेरिकेत याच्या अगदी उलट टोक गाठले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या काही मंडळींनी हँडल वर वर नेत खांद्यांच्याही वर नेले. माकड फांदीला लोंबकळावे तसा स्वार दिसतो, म्हणून त्याला तिकडे माकडाचेच नाव पडले. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने त्याची लाट जगभर नेली. हात सतत वर धरल्याने खांदे भरून येतात आणि गाडीवरचा ताबाही सैल होतो. अनेक अमेरिकन राज्यांनी पुढे हँडलाच्या उंचीवर कायद्याने मर्यादा घातल्या. हा सारा मिजाशीचा मामला. त्यावर अधिक वेळ घालवण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे. कारखाना हँडल बनवतो तो कोणाच्या मापाने? उत्तर सोपे वाटते : सरासरी माणसाच्या. पण हा सरासरी माणूस राहतो कुठे? अमेरिकेच्या हवाई दलाला हाच प्रश्न १९५० मध्ये पडला. विमानातली बैठक सरासरी वैमानिकाच्या मापाने केली होती, आणि तरीही ती कुणालाच नीट बसेना. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या एका तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे निवडली, आणि या दहाही मापांत मधल्या गटात बसणारे किती, ते मोजले. किती निघाले असतील? एकही नाही! कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाची छाती भरदार तर कंबर बारीक. सरासरी माणूस हा कागदावरचा प्राणी ठरला. त्यानंतर हवाई दलाने बैठक, पट्टे, पायडल या गोष्टी हलवता येतील अशा करून घेतल्या. आमच्या सुताराला हे ठाऊक होते, फक्त त्याने त्याचा अहवाल लिहिला नव्हता.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९५५ साली विलायतेतल्या रॉयल एनफिल्डने मद्रास मोटर्सशी भागीदारी करून मद्रासला ‘एनफिल्ड इंडिया’ काढली आणि ‘बुलेट’ इथे तयार होऊ लागली. १९६१ मध्ये म्हैसूरला जावा गाड्या बनू लागल्या, आणि १९६२ पासून एस्कॉर्ट्सची ‘राजदूत’, मूळच्या एका पोलिश गाडीवरून बेतलेली. या तिन्ही गाड्यांचे हँडल उंच आणि ऐसपैस. कारण त्या कामाच्या गाड्या होत्या. बुलेट पोलिसांची आणि लष्कराची. राजदूतच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या टांगून गवळी बांधाबांधाने जाई. १९८५ मध्ये हीरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली, तिनेही ताठ बैठक सोडली नाही. पुढे आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये ‘पल्सर’ आणली आणि तरुणांच्या मनात वेग शिरला. २००७ च्या २२० सीसीच्या पल्सरला तर कारखान्यातूनच क्लिप-ऑन हँडल मिळाले. लंडनच्या त्या चहाच्या हॉटेलातली हौस अशी पन्नासएक वर्षांनी आमच्या तालुक्याच्या स्टँडवर येऊन उभी राहिली.

हौसेला मी नावे ठेवीत नाही. पण आपल्या गावचा रस्ता आठवा. दर अर्ध्या फर्लांगावर खड्डा, मध्येच म्हैस, मध्येच गतिरोधक. वेग चाळीसच्या आसपास. वाऱ्याचा तक्क्या इथे कुठून मिळणार? तळहाताच्या करंगळीकडील बाजूने एक मज्जातंतू जातो. हँडलाची मूठ त्या जागी तासन्‌तास दाबली गेली, की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागते. मनगट सतत वर मुडपलेले राहिले, की अंगठा आणि पहिली दोन बोटे मुंग्यांनी भरतात. ही तक्रार सायकलस्वारांत डॉक्टरांनी फार पूर्वीपासून ओळखलेली आहे. उतरल्यावर पाच मिनिटांत मुंग्या गेल्या, तर तो बैठकीचा इशारा समजावा. रात्री झोपेतही हात बधिर होऊ लागला किंवा बोटांची पकड ढिली पडू लागली, तर मात्र गॅरेजात न जाता दवाखान्यात जावे.

उपाय करायचा तर पाने-पक्कड हाती घेण्याआधी एक फुकटातली तपासणी करा. गाडी मेन स्टँडवर लावा, डोळे मिटून सहज बसा, आणि हात पुढे न्या. हात आपोआप जिथे थांबतील, तिथे मूठ आहे का? कोपर किंचित दुमडलेले राहते का? पुष्कळदा दोष हँडलाचा नसतोच. क्लच आणि ब्रेकचे दांडे फार वर किंवा फार खाली फिरवलेले असतात. कोपर, मनगट आणि बोटे एका रेषेत राहतील असे ते दांडे फिरवून घेतले, तर एक पैसा खर्च न होता निम्मे दुखणे जाते. त्यानंतर हँडल पकडणारे बोल्ट ढिले करून ते थोडेसे पुढे-मागे फिरवून पाहावे. एवढ्यानेही भागले नाही, तर हँडलाच्या पकडीखाली ठोकळे घालून ते वर घेता येते. गॅरेजात त्यांना ‘रायझर’ म्हणतात. एक इंच उचलले तरी पाठीला कळते. ज्याचे हात आखूड, त्याला उंचीपेक्षा हँडल मागे घेण्याचाच उपयोग अधिक होतो.

मात्र फार ताठही बसू नये. धड अगदी उभे राहिले, की हातांवरचा भार जातो खरा, पण तो बैठकीवर जातो आणि खड्ड्याचा प्रत्येक हिसका कण्याच्या खालच्या मणक्यांना बसतो. किंचित पुढे झुकलेली पाठ हा धक्का वाटून घेते. डोक्यावर पाटी घेतलेली बाई कशी चालते, ते पाहा. ताठ असते, पण ताठरलेली नसते.

कायद्याचेही एक वाक्य ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ असे सांगते, की नोंदणीच्या वेळचा उत्पादकाने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. दांडे फिरवून घेणे किंवा हँडल त्याच्याच पकडीत थोडे कलते करणे ही नित्याची जुळणी झाली. पण हँडलच बदलायचे किंवा बरेच उचलायचे, तर आधी परिवहन कार्यालयात विचारावे आणि शक्यतो त्याच कंपनीचा भाग घ्यावा.

आणि आता सर्वांत जोखमीची गोष्ट. हँडल वर गेले, की त्याच्यापासून खाली जाणाऱ्या सगळ्या वायरी ताणल्या जातात : क्लचची, ॲक्सिलरेटरची, ब्रेकची नळी, दिव्यांच्या तारा. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. पण हँडल पूर्ण वळवले, की ॲक्सिलरेटरची वायर ओढली जाते आणि मूठ न पिळताही इंजिन आपोआप भडकते. अरुंद बोळात गाडी वळवताना, मागे मूल बसलेले असताना, हे घडले तर काय होईल, ते मी सांगायला नको. तेव्हा मिस्त्रीने काम संपवले की लगेच पैसे काढू नका. गाडी मोकळ्या हवेत मेन स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, इंजिन सुरू करा आणि हँडल डावीकडे अडेपर्यंत, मग उजवीकडे अडेपर्यंत सावकाश फिरवा. मूठ टाकीला घासता कामा नये. आरशात मागचा रस्ता दिसला पाहिजे. ब्रेकची नळी कुठेही ताठ झालेली नको. आणि कान इंजिनाकडे ठेवा. आवाज जराही चढला, तर लांब वायर घालून घेतल्याशिवाय गाडी गॅरेजच्या बाहेर काढू नका.